परदेशातील कमाई आणि मायभूमीचे देणे

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.



काही महिन्यांपूर्वी धाराशिव येथे जुमाच्या नमाजनंतर दोन सख्खे भाऊ माझ्यापाशी येऊन बसले. दोघे परंडा तालुक्यातील. थोरला गावी शेती करतो, धाकटा अकरा वर्षांपासून रियाधमध्ये नोकरीस आहे आणि तेव्हा सुट्टीवर आला होता. वडिलांच्या पश्चात धाकट्याच्या नावे आलेला एक प्लॉट विकायचा होता. गिऱ्हाईक ठरले, किंमत ठरली. मात्र खरेदीखतात रेडीरेकनरइतकीच किंमत दाखवावी आणि उरलेली रक्कम रोखीने घ्यावी, असाही व्यवहार ठरला. थोरल्या भावाने साक्षीदार म्हणून सही करावयाची होती. त्याने नकार दिला. त्या दिवसापासून एका घरात राहूनही दोघांत बोलणे नव्हते.

धाकटा म्हणाला, “मौलाना, मी या देशात राहत नाही. इथल्या रस्त्यावरून चालत नाही, इथल्या नळाचे पाणी पीत नाही. माझ्या घामाचा पैसा इथे येतो, त्यावर घर चालते. मग मी इथल्या सरकारला कर कशाचा द्यायचा? आणि भाईजान मला गुन्हेगार समजतात.”

थोरला शांतपणे उत्तरला, “अम्मीला गेल्या वर्षी रात्री दोन वाजता झटका आला, तेव्हा १०८ ची रुग्णवाहिका आली. पैसे कोणी मागितले नाहीत. ती गाडी कोणाच्या पैशाने चालते, एवढेच मी विचारले होते.”

हा प्रश्न केवळ त्या दोन भावांचा नाही. आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांतील मुले आज रियाध, जिद्दा, दुबई, मस्कत, कुवेत येथे आहेत. काही उच्चशिक्षित तरुण युरोप-अमेरिकेत स्थायिक झाले आहेत. परदेशी राहणाऱ्या नागरिकाने मायदेशाला कर द्यावा काय, या प्रश्नाकडे इस्लामी शिकवणुकीच्या प्रकाशात पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

हिजरतची रात्र

वतन सोडणाऱ्या माणसाचे वतनाशी कोणते देणे उरते, हे सर्वप्रथम आदरणीय प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या हिजरतमधून शिकावे. ज्या मक्केत तेरा वर्षे आपल्या अनुयायांचा छळ झाला, जिथे आपल्याच हत्येचा कट शिजला, तेथून प्रेषित (सल्ल.) मदीनेकडे निघाले. त्या वेळी मक्कावासीयांच्या ठेवी त्यांच्यापाशी होत्या. लोक त्यांचा संदेश नाकारत होते, तरी विश्वासाने अमानत त्यांच्याकडेच ठेवत होते. सूड घ्यावयाचा असता तर त्या ठेवी घेऊन निघून जाता आले असते. परंतु प्रेषितांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, ज्याची त्याची अमानत परत करण्यास सांगितले. हजरत अली (रजि.) तीन दिवस मक्केत थांबले, सर्व ठेवी पोहोचत्या केल्या आणि मगच मदीनेस निघाले.

बंधूंनो, येथे क्षणभर थांबा. आपल्यातील काहीजण म्हणतात, ‘हे सरकार आपल्याशी नीट वागत नाही, दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागतात, मग प्रामाणिकपणा आपणच का दाखवावा?’ गाऱ्हाणे खरे असू शकते. त्यासाठी मतपेटी आहे, न्यायालय आहे, अर्ज-निवेदने आहेत. पण समोरच्याचे वर्तन हा आपल्या अमानतदारीचा मापदंड नव्हे. ज्याने आपला विश्वासघात केला त्याचाही विश्वासघात करू नये, अशी प्रेषितांची (सल्ल.) शिकवण अबू दाऊद व तिर्मिजी यांनी नोंदवली आहे.

पवित्र कुरआनात सूरह अल्-माइदाचा प्रारंभच करारपालनाच्या आदेशाने होतो (५:१). सूरह बनी इस्राईलमध्ये प्रत्येक वचनाविषयी जाब विचारला जाईल, असे बजावले आहे (१७:३४). आपण ज्या देशाचा पासपोर्ट खिशात घेऊन फिरतो, त्या देशाशी आपला एक करार असतो. परदेशी नोकरी गेली, मालकाने पगार अडवला, तर आपण ज्या दूतावासाच्या दारात जातो, तो या करारामुळेच. १९९० साली इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा तेथे अडकलेल्या सुमारे १,७०,००० भारतीयांना विमानांनी मायदेशी आणण्यात आले. त्या विमानांचा खर्च देशात राहणाऱ्या सामान्य करदात्याच्या खिशातूनही झाला होता. तेव्हा ‘मी तेथील काहीच वापरत नाही’ हे म्हणणे पूर्णांशाने खरे नाही.

कायदा प्रत्यक्षात काय मागतो?

आता दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. अनेकांना वाटते त्याप्रमाणे भारताचा कायदा आखातातील मजुराच्या पगारावर कर मागत नाही. आपल्याकडे आयकराचा पाया नागरिकत्व नसून निवास हा आहे. सर्वसाधारणपणे आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहणारा तो निवासी. जो अनिवासी आहे, त्याने परदेशात मिळवलेल्या वेतनावर येथे कर नाही. पण भारतात उत्पन्न झालेल्या पैशावर, म्हणजे येथील गाळ्याचे भाडे, येथे विकलेल्या प्लॉटवरचा नफा यांवर, नियमानुसार कर आहे. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने घ्यावी असे ठरले. निवासाचे हे मूलतत्त्व त्यातही कायम आहे.

फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात एक तरतूद आली, तेव्हा आखातात मोठी घबराट पसरली होती. जो भारतीय नागरिक कोणत्याही देशात करपात्र नाही, त्याला भारताचा निवासी मानावे, अशी ती तरतूद होती. सौदी अरेबिया व अमिरातीत वेतनावर आयकर नाही, त्यामुळे आपला सर्व पगार आता करपात्र होणार, असा समज झाला. दुसऱ्याच दिवशी शासनाने खुलासा केला की प्रामाणिकपणे आखातात काम करणाऱ्यांच्या तेथील कमाईवर कर लावण्याचा हेतू नाही. पुढे कायदा होताना ही तरतूद परकीय उत्पन्न वगळता १५ लाख रुपयांहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांपुरती मर्यादित झाली.

आखातातील आपला माणूस तेथेही फुकट राहत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. सौदी अरेबियात १ जानेवारी २०१८ पासून मूल्यवर्धित कर ५ टक्के होता, तो १ जुलै २०२० पासून १५ टक्के झाला. बायकामुलांना सोबत ठेवायचे तर २०१७ पासून माणशी मासिक शुल्क सुरू झाले आणि २०२० पर्यंत ते ४०० रियालवर गेले. कित्येक कुटुंबे त्यामुळे गावी परतली. अशा माणसाच्या पगारावर मायदेशानेही हात टाकावा काय?

एकच कर, दोनदा नव्हे

या प्रश्नाचे मार्मिक उत्तर हजरत उमर (रजि.) यांच्या काळात मिळते. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी ‘किताबुल खराज’ या ग्रंथात ही हकीकत दिली आहे. जियाद बिन हुदैर हे व्यापारी मालावरील कर वसूल करणारे अधिकारी होते. बनू तग्लिब कबिल्याचा एक ख्रिस्ती मनुष्य घोडा घेऊन त्यांच्या नाक्यावरून गेला. घोड्याची किंमत २०,००० दिरहम ठरली आणि विसाव्या हिश्श्याप्रमाणे १,००० दिरहम त्याने भरले. त्याच वर्षी तो परत त्याच नाक्यावर आला, तेव्हा पुन्हा कर मागण्यात आला. तो मनुष्य थेट मक्केला हजरत उमर (रजि.) यांच्यापाशी गेला व आपली फिर्याद मांडली. खलिफांनी थोडक्यात सांगितले की तुझे काम झाले. त्या मनुष्याला वाटले, आपल्याला वाटेला लावले. दुसऱ्यांदा कर भरण्याची तयारी करूनच तो नाक्यावर परतला. पाहतो तर खलिफांचे पत्र त्याच्याआधी पोहोचले होते: ज्याच्याकडून एकदा कर घेतला, त्याच्याकडून वर्ष पूर्ण होईपर्यंत पुन्हा घेऊ नये.

फिर्यादी मुस्लिम नव्हता, वजनदार नव्हता, दरबारात त्याची ओळख नव्हती. तरीही एका मालावर दोनदा कर हा अन्याय ठरला आणि तो थांबला. आज देशादेशांत दुहेरी कर टाळण्याचे करार होतात. त्यांमागील न्यायतत्त्व चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्रातही दिसते.

जगात याहून वेगळे मार्गही आहेत. अमेरिका नागरिकत्वाच्या आधारे कर मागते. तेथील नागरिकत्व घेऊन पुण्यात परतलेल्या मराठी माणसालाही दरवर्षी अमेरिकेकडे विवरण द्यावे लागते. आफ्रिकेतील इरिट्रिया आपल्या परदेशस्थ नागरिकांकडून उत्पन्नाच्या २ टक्के कर घेतो. त्या वसुलीसाठी होणाऱ्या दडपणाचा व गैरवापराचा निषेध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०११ साली केला. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात सुचवले होते की गरीब देशांतून श्रीमंत देशांत गेलेल्या डॉक्टर, अभियंता अशा शिक्षितांच्या तेथील उत्पन्नावर एक कर असावा व तो मूळ देशांच्या विकासास मिळावा. गरीब देशाने खर्च करून शिकवावे आणि फळ दुसऱ्याने खावे, ही वेदना त्यामागे होती. ही वेदना खोटी नाही. तथापि शिकवताना जे कर्ज म्हणून दिले नाही, ते नंतर कर्ज म्हणून सक्तीने वसूल करता येत नाही.

राज्यकर्त्यालाही मर्यादा आहेत. ६५८ हिजरी, म्हणजे १२६० च्या सुमारास तातारांचे संकट मिसरच्या दाराशी आले, तेव्हा सुलतान कुतुज यांना प्रजेवर जादा कर लावायचा होता. शेख इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) यांनी फतवा दिला, पण अट घातली: आधी सरदारांनी आपले सोन्याचे पट्टे व साज विकावेत, मग सामान्यांच्या खिशाला हात लावावा. गरज खरी असावी, भार न्याय्य असावा, पैसा लोकहितासाठीच खर्च व्हावा, या अटींवर उलेमांनी कर मान्य केला आहे. अन्यायी वसुलीचा हदीसमध्ये कठोर धिक्कार आहे. तेव्हा इस्लाम राज्यकर्त्याला मोकाट सोडत नाही आणि नागरिकालाही असत्याची मुभा देत नाही.

वतन-ए-असली आणि वतन-ए-इकामत

आपल्या फिकहमध्ये एक सुंदर भेद आहे. माणसाचे मूळ गाव ते वतन-ए-असली. कामानिमित्त पंधरा दिवस वा अधिक राहण्याच्या निश्चयाने तो जेथे थांबतो, ते वतन-ए-इकामत. परंड्याचा तरुण रियाधमध्ये नोकरीस असतो, तेव्हा तेथे तो पूर्ण नमाज अदा करतो, कारण जबाबदारी निवासाच्या जागी असते. पण हनफी फुकहांनी हेही स्पष्ट केले की वतन-ए-इकामतमुळे वतन-ए-असली रद्द होत नाही. तोच तरुण वर्षांनंतर एका रात्रीसाठी गावी आला, तरी तो तेथे मुसाफिर ठरत नाही. नमाज पूर्णच अदा करतो.

कराच्या प्रश्नाचे सारही हेच आहे. जेथे राहतो, तेथील देणे आधी तेथे द्यावे. मायदेशाने त्यावर दुसऱ्यांदा हक्क सांगू नये. पण मूळ गावच्या मातीत जे उगवले, तेथील प्लॉटवर जो नफा झाला, त्याचे देणे तेथेच आहे. ते चुकवण्यासाठी दूर असण्याचे निमित्त चालत नाही. आणि त्याहीपलीकडे, कायद्याने न मागितलेला असा एक हक्क वतन-ए-असलीचा आपल्यावर राहतो.

‘देशप्रेम हे ईमानचे अंग’ हे वाक्य हदीस म्हणून सर्रास सांगितले जाते. हदीसतज्ज्ञांनी ते प्रेषितांचे (सल्ल.) कथन मानलेले नाही. परंतु मक्का सोडताना प्रेषितांनी त्या नगरीविषयी व्यक्त केलेली व्याकुळता तिर्मिजीमध्ये आहे. प्रवासातून परतताना मदीनेच्या भिंती दिसताच ते आपली सांडणी वेगाने हाकत, असे बुखारीमध्ये आहे. या प्रेमासाठी बनावट आधाराची गरज नाही.

मायभूमीचा हात परदेशी कसा पोहोचतो, याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी निगडित आहे. धाराशिव पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानच्या यात्रेकरूंसाठी मक्केत रुबात, म्हणजे मोफत निवासस्थान, राखलेले आहे. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, तरी त्या जुन्या हद्दीतील, म्हणून मराठवाड्यातीलही, हाजींचा तेथील हक्क उरला. येथील पूर्वजांच्या दानाची सावली आज हजारो मैलांवरील वाळवंटात आपल्या वृद्धांना मिळते. मग त्या वाळवंटातील कमाईची सावली येथील माळरानावर का पडू नये?

कर, जकात आणि घरी पाठवलेला पैसा

तीन गोष्टींची गल्लत होते, म्हणून त्या वेगळ्या करून सांगतो.

पहिली, घरी पाठवलेला पैसा हा कर नव्हे. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये भारतीयांनी परदेशातून सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठवले. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार त्यातील सुमारे पाचवा हिस्सा महाराष्ट्रात आला. हे उपकार मोठे आहेत. पण तो पैसा आई-वडील, पत्नी, मुले यांच्यासाठी येतो. तो नात्याचा हक्क आहे. कर हा शेजाऱ्याचा हक्क आहे. ज्याच्या घरातून कोणीच परदेशी गेले नाही, त्याच्या मुलाची शाळा आणि त्याच्या वस्तीची पाण्याची टाकी करातून होते. तो पैसा हुंडीने पाठवणे हेही कायद्याविरुद्ध आहे. बँकेची वाट उपलब्ध असता ती सोडू नये.

दुसरी, आयकर माफ म्हणजे जकात माफ नव्हे. अनिवासी खात्यातील शिल्लक निसाबइतकी, म्हणजे साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी असेल व वर्ष लोटले असेल, तर चाळिसावा हिस्सा द्यावाच लागतो. अशा काही खात्यांवरील व्याजाला आयकरात सूट आहे, पण शरीअतमध्ये ते व्याजच आहे. पुण्याची आशा न धरता ते आपल्या मालातून काढून टाकावे. उलट, कर भरला म्हणून जकात अदा होत नाही. जकात ही इबादत आहे, तिला नियत लागते आणि तिचे आठ हक्कदार सूरह अत्-तौबामध्ये निश्चित केले आहेत (९:६०).

तिसरी, जकात कोठे द्यावी? हजरत मुआज (रजि.) यांना यमनला पाठवताना प्रेषितांनी (सल्ल.) शिकवले की तेथील श्रीमंतांकडून घ्यावे व तेथील गरिबांना द्यावे. म्हणून एका गावची जकात दुसरीकडे नेणे हनफी मतानुसार अप्रिय आहे. मात्र दुसरीकडे गरजू नातलग असतील किंवा अधिक गरज असेल, तर ते निःशंक योग्य आहे. आई-वडील, पत्नी व मुलांना जकात देता येत नाही. हक्कदार भाऊ, बहीण, मावशी, चुलते यांना देता येते, आणि त्यात दानाचे व नाते जोडण्याचे असे दुहेरी पुण्य आहे.

आपला जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणजे विकासात मागे राहिलेल्यांत. कधी दुष्काळ पडतो, तर कधी सप्टेंबर २०२५ सारखी अतिवृष्टी परंडा-भूम भागातील शेते खरवडून नेते. १८ हिजरीच्या दुष्काळात हजरत उमर (रजि.) यांनी शामच्या सुभेदारांना पत्रे लिहिली, आणि तेथून धान्याचे तांडे हिजाजकडे निघाले. दूर असणे हे मदत न करण्याचे कारण त्यांनी मानले नाही. लोकांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, ही प्रेषितवाणी ध्यानी धरून प्रत्येक परदेशस्थ बांधवाने आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा विचार करावा. त्याची पहिली अक्षरे तेथेच उमटली होती.

साक्षीदाराची सही

त्या दोन भावांना मी सूरह अन्-निसाची एक आयत समजावून सांगितली (४:१३५). श्रद्धावंतांनी न्यायावर ठाम राहून अल्लाहसाठी साक्ष द्यावी, मग ती स्वतःविरुद्ध, आई-वडिलांविरुद्ध वा नातलगांविरुद्ध का असेना, असा तिचा आशय आहे. मी धाकट्याला म्हणालो, “तुमचे भाईजान तुमचे नुकसान करीत नव्हते. खोटी साक्ष महापापांत गणली गेली आहे. ते तुम्हाला आणि स्वतःला त्यातून वाचवत होते. तुमच्या रियाधच्या पगाराला कोणी हात लावत नाही. प्रश्न केवळ येथील प्लॉटवरच्या नफ्याचा आहे.”

तो काही बोलला नाही. पुढे पूर्ण किमतीचे खरेदीखत झाले. विक्रेता अनिवासी असल्याने खरेदीदाराने नियमाप्रमाणे किमतीतूनच कर कापून भरला. देण्यापेक्षा अधिक कापले गेले असेल, तर विवरणपत्र भरून ते परत मागता येते, हेही जाणकार सी.ए.ने त्याला समजावले. थोरल्या भावाने सही केली. धाकट्याच्या मनातील खंत पूर्ण गेली, असे मी म्हणणार नाही. पैसा कमी झाला की वाईट वाटतेच. पण रियाधला परतण्याच्या दिवशी भाईजानच त्याला गाडीत बसवून द्यायला आले होते, असे त्याने फोनवर सांगितले.

हे सर्वश्रेष्ठ अल्लाह! आमच्या परदेशी राहणाऱ्या लेकरांचे रक्षण कर. त्यांच्या कमाईत बरकत दे व तिला हरामच्या स्पर्शापासून दूर ठेव. ज्यांच्या हाती जनतेचा पैसा आहे, त्यांना तो न्यायाने खर्चण्याची सद्बुद्धी दे. आम्हाला दिलेला शब्द पाळणारे, अमानत पोहोचती करणारे बनव आणि आमची घरे पैशापायी तुटू देऊ नकोस. आमीन.